फावल्या वेळाची वही

सुटीची दुपार सरता सरत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर एक अल्पखर्ची छंद सुचवावासा वाटतो : जुन्या वस्तूंची रेखाटने करून त्यांची वही ठेवणे.

या छंदाचे मोल रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात प्रत्ययास येते. तेथे किरारी गावचा प्राचीन काष्ठस्तंभ आहे. १९२१ साली आटलेल्या तळ्यातील गाळ काढताना तो सापडला. उन्हात वाळताच लाकडाचे पापुद्रे सुटले व पुष्कळ अक्षरे नष्ट झाली. परंतु लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या स्थानिक पंडितांनी ती जशी दिसली तशी उतरवून घेतली होती. म्हणूनच सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या राज्याधिकाऱ्यांची पदनामे आज आपणांस ज्ञात आहेत.

आरंभ घरातूनच करावा. आजीचा अडकित्ता, तांब्याचे घंगाळ, दारावरील नक्षी, जे दिसेल तेवढेच काढावे. कल्पनेची भर घालू नये. शेजारी माप, ठिकाण व तारीख लिहावी. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरविली की ठसा उमटतो. संग्रहालयातील वस्तूंना मात्र हात लावू नये. मुलांनी चित्र काढावे, वडीलधाऱ्यांनी त्या वस्तूची हकीकत सांगावी. वस्तू झिजते, हरवते. वहीतील नोंद मागे उरते.