बाजारात तुरी

‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ ही म्हण जिन्नस घरात येण्याआधीच त्यावरून भांडणाऱ्यांची थट्टा करते. तुरीविषयीचे सरकारी निर्णय तारीखवार लावून पाहताना मला मात्र उलटेच जाणवले. आपल्याकडे भांडण फार उशिरा, तूर बाजारात येऊन पडल्यावर होते.

२०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. दोन वर्षांच्या अवर्षणाने पीक हातचे गेले होते. शहरांतली ओरड रास्त होती. गरिबाच्या ताटात डाळ हा प्रथिनाचा महत्त्वाचा आधार असतो. पुढच्या खरिपासाठी सरकारने बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर केला, डाळींचा राखीव साठा २० लाख टनांवर नेण्याचे ठरवले आणि जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी आयातीचा पाच वर्षांचा करार केला. इकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानेही २०० रुपयांचा भाव ऐकला होता. त्याने तुरीची तासे वाढवली. पाऊस बरा झाला आणि देशाचे उत्पादन २६ लाख टनांच्या आसपास होते, ते जवळजवळ ४९ लाख टनांवर पोहोचले.

आता तारखा पाहा. तूर जून-जुलैत पेरतात, डिसेंबर-जानेवारीत काढतात. डाळींवर २००६ पासून निर्यातबंदी होती. अरविंद सुब्रमण्यम समितीने ती आणि साठ्यावरची मर्यादा उठवावी असे सप्टेंबर २०१६ मध्ये, म्हणजे तूर शेतात उभी असतानाच, सुचवले होते. प्रत्यक्षात आयातीवर १० टक्के शुल्क लागले मार्च २०१७ मध्ये, आयातीला २ लाख टनांची मर्यादा आली ऑगस्टमध्ये आणि तुरीची निर्यात खुली झाली सप्टेंबरमध्ये. तोवर डाळींची वर्षाची आयात ६६ लाख टनांच्या घरात गेली होती. महाराष्ट्रात बाजारभाव हमीभावाच्या बराच खाली गेला. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. ज्याला उधारी फेडायची असते तो माल घरात ठेवू शकत नाही. निर्यात खुली झाली तेव्हा त्याच्याकडे विकायला तूर उरली नव्हती.

निर्णय चुकीचे होते असे मला वाटत नाही. एकेक सुटा घेतला तर प्रत्येकाला कारण आहे. अडचण बारभाईंच्या कारभाराची आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती आणि बाजार हे विषय राज्यांकडे आहेत, परदेशी व्यापार केंद्राकडे आणि अन्नधान्याचा व्यापार १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत आला. केंद्रातही हमीभावाची घोषणा कृषी खात्याची, साठामर्यादा ग्राहक व्यवहार खात्याची, आयात-निर्यात वाणिज्य खात्याची, सीमाशुल्क अर्थखात्याचे. यांतला हमीभाव तेवढा पेरणीच्या तोंडावर कळतो. शेतकरी तो वचन म्हणून ऐकतो. बाकीची खाती तेव्हा गप्प असतात. ती बोलतात डाळ महागल्यावर किंवा तूर रस्त्यावर आल्यावर.

याची झळ सरहद्दीपलीकडेही लागली. मोझांबिकमधल्या लहान शेतकऱ्यांनी भारताच्या मागणीवर विसंबून तूर वाढवली होती. त्यांचा माल निघण्याच्या सुमारासच आपली आयातमर्यादा आली. सरकारी करारातला माल त्यातून वगळला, तरी बाकीचा व्यापार अडला आणि तिथला भाव कोसळला.

समन्वय म्हणजे आणखी एक मंडळ नेमणे नव्हे. हमीभाव जाहीर होतो त्याच दिवशी बाकीची खातीही बांधली गेली पाहिजेत : भाव अमुकखाली गेला तर आयातशुल्क आपोआप वाढेल, अमुकवर गेला तर साठा बाजारात येईल, राज्य एवढी केंद्रे आणि एवढा बारदाना तयार ठेवील. जानेवारी २०२४ मध्ये तूर उत्पादकांच्या आगाऊ नोंदणीचे संकेतस्थळ सुरू झाले. निदान खरेदीचा विचार तरी काढणीआधी सुरू करण्याची ती वाट आहे. पण आयातीचे दार कधी, किती उघडेल हे नोंदणी करणाऱ्याला त्यातून कळत नाही.

तेव्हा म्हणीतल्या भटाला हसताना मी आता थोडा थबकतो. त्याचे मारणे वाईटच. पण तुरीचा विषय त्याने वेळेवर काढला होता.