अंतिम सामना नसलेलं अजिंक्यपद

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांत ‘कॉन्फरन्स’ म्हणजे चर्चासत्र नव्हे, तर दरवर्षी आपसांत ठरवून खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. ‘बिग टेन’ हा त्यांतला एक जुना गट, १८९६ सालचा. व्हॉलीबॉलचा जन्म त्याच्या आदल्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी झाला. पण या गटाच्या छत्राखाली यायला मुलींच्या व्हॉलीबॉलला १९८१ उजाडावं लागलं. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये आला. त्यानंतरही विद्यार्थिनींच्या राष्ट्रीय स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटनाच भरवत होती. एनसीएए या बलाढ्य संस्थेने मुलींच्या व्हॉलीबॉलचं पहिलं अजिंक्यपद १९८१ मध्ये खेळवलं आणि वर्षभरात ती जुनी संघटना मोडीत निघाली. बिग टेनचं अजिंक्यपद वाढलं ते या नव्या व्यवस्थेत. गेली कित्येक वर्षं ते बाद फेरीने नव्हे, साखळीने ठरत आलं आहे: हंगामभर खेळा, गुणतक्त्यात जो वर तो विजेता. आयपीएलमध्ये साखळीत पहिला आलेला संघ अंतिम सामना हरून रिकाम्या हाताने परतताना पाहिलेल्या आपल्या वाचकाला हे नवल वाटेल. ही पद्धत मला न्याय्य वाटते. मात्र एका अटीवर, आणि ती अट बिग टेनने हळूहळू गमावली.

अट साधी आहे: प्रत्येक संघाची गाठ प्रत्येक संघाशी सारख्याच वेळा पडली पाहिजे. १९९० मध्ये पेन स्टेटला गटात घेतल्यावर विद्यापीठं अकरा झाली. अकरा संघ, म्हणजे दहा प्रतिस्पर्धी. प्रत्येकाशी एक सामना आपल्या अंगणात, एक त्यांच्या. झाले वीस. या हिशेबात कुणालाच पळवाट नाही. प्रशिक्षक रस रोझ यांच्या पेन स्टेटने २००८ आणि २००९ या दोन्ही हंगामांत ३८ पैकी ३८ सामने जिंकले, गटातला एकही न गमावता. त्या अजिंक्यपदाला अंतिम सामन्याची पुरवणी जोडून काय साधलं असतं? पुढे २०११ मध्ये नेब्रास्का आलं, २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स, आणि २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठं. ही भरती व्हॉलीबॉलसाठी नव्हती. ती अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांच्या पैशासाठी होती. संघ अठरा झाले आणि गटातले सामने? वीसच. म्हणजे सतरा प्रतिस्पर्ध्यांपैकी चौदांशी एकदा आणि तिघांशी दोनदा गाठ. ते तिघे दुबळे निघाले तर नशीब, तगडे निघाले तर दुर्दैव. आकडा जुनाच राहिला, त्याच्या आतला न्याय तेवढा निघून गेला.

याचं फळ पहिल्याच वर्षी दिसलं. २०२४ मध्ये पेन स्टेट आणि नेब्रास्का दोघांनी प्रत्येकी १९ सामने जिंकले, एक गमावला, आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. नेब्रास्काचा तो एक पराभव नोव्हेंबरअखेरीस पेन स्टेटकडूनच झाला होता. मग मुकुट विभागून का? नेब्रास्काचे चाहते म्हणतील, सामना पेन स्टेटच्या घरच्या मैदानावर होता आणि परतीचा सामना झालाच नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि म्हणूनच दोष दोन संघांचा नसून वेळापत्रकाचा आहे.

यावर सोपा तोडगा सुचवला जातो तो बाद फेरीचा. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दुसऱ्या गटाने २००५ नंतर बंद केलेली अशी स्पर्धा २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली. समर्थकांचा मुद्दा असा की अंतिम सामन्याशिवाय रंगत नाही, गर्दी नाही. गर्दीचं म्हणाल तर ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्काच्या फुटबॉल मैदानात मुलींचा व्हॉलीबॉल पाहायला ९२,००३ लोक जमले. समोर होतं ओमाहाचं विद्यापीठ, आणि त्या सामन्यात कुठलंही अजिंक्यपद पणाला नव्हतं. रंगतीचा मुद्दा मात्र मान्य. पण बाद फेरीची रंगत एनसीएएची चौसष्ट संघांची स्पर्धा पुरवतेच की. तिच्या तोंडावर तेच संघ आणखी एकदा झुंजवण्यापेक्षा बिग टेनने ते तीन जादा सामने रद्द करावेत आणि सतरा प्रतिस्पर्ध्यांशी एकेक सामना खेळवावा. घरचं मैदान कुणाला, हा नशिबाचा भाग त्यात उरेल, पण एका वर्षी इथे, पुढच्या वर्षी तिथे असं आलटूनपालटून त्याची बोच कमी करता येते. तीन दुबळ्यांशी दोनदा खेळून मिळालेल्या फायद्याची भरपाई कशानेच होत नाही.

२०२४ चा निवाडा शेवटी गटाबाहेरच झाला. डिसेंबरमध्ये लुईव्हिलच्या तटस्थ मैदानावर राष्ट्रीय उपांत्य फेरीत हेच दोन संघ पुन्हा भिडले. पहिले दोन सेट गमावलेल्या पेन स्टेटने पुढचे तिन्ही घेतले, आणि अंतिम सामन्यात लुईव्हिल विद्यापीठालाही हरवलं. त्यांच्या प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली या एनसीएएच्या पहिल्या श्रेणीचं मुलींच्या व्हॉलीबॉलमधलं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक ठरल्या. बिग टेनच्या विजेत्यांच्या यादीत २०२४ समोर मात्र दोन नावं आहेत.