जैवसंख्याशास्त्र आणि ग्रामीण आरोग्याच्या नोंदी : बार्शी येथील कार्याचा परिचय

प्रस्तावना :
आजार ही व्यक्तीची व्यथा असली तरी आजाराचे प्रमाण हा समाजाचा प्रश्न असतो. हे प्रमाण मोजून त्याचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रास जैवसंख्याशास्त्र म्हणतात. हे कार्य महानगरांतील संस्थांचेच आहे, असा समज आढळतो. तथापि जेऊर (ता. करमाळा) परिसरातील अभ्यासकांना त्याचा उत्तम नमुना सोलापूर जिल्ह्यातच, बार्शी येथे पाहावयास मिळतो.

नोंदणीची पद्धत :
बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरी नोंदणी मुख्यतः रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते. खेड्यातील अनेक रुग्ण मात्र रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून येथील कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणांची माहिती देत, संशयित रुग्णांना तपासणीस प्रवृत्त करीत आणि मृत्यूंची चौकशी करीत. त्यामुळे प्रमाणाचा अंश म्हणजे रुग्णसंख्या आणि छेद म्हणजे लोकसंख्या, हे दोन्ही विश्वसनीय झाले.

आकड्यांचा अर्थ :
याच अनुभवाच्या आधारे तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांच्या वस्तीचे ५२ समूह यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागले गेले. तीन गटांत प्रत्येकी एका वेगळ्या प्रकारची चाचणी एकदाच देऊ करण्यात आली. चौथ्या गटास नेहमीचीच आरोग्यसेवा होती. त्यानंतर आठ वर्षे पाठपुरावा करण्यात आला.

एचपीव्ही विषाणू चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी १२७ जणींना, तर चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ११८ जणींना कर्करोग आढळला. लाखामागे हे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३७२ व ३७५ येते. केवळ रुग्ण मोजले असते तर चाचणी निष्फळ ठरली असती. परंतु या रोगाने झालेले मृत्यू अनुक्रमे ३४ व ६४, म्हणजे लाखामागे सुमारे १०० व २०३ होते. रोग लवकर उमगल्याने मृत्यू निम्म्यावर आले. अन्य दोन चाचण्यांच्या गटांतील घट मात्र सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नव्हती. ती योगायोगानेही घडू शकली असती. चौथ्या गटास चाचणीविना ठेवणे कितपत न्याय्य होते, यावर पुढे नैतिक वादही झाला. प्रत्येक आकड्यामागे एक स्त्री आहे, याचे भान त्या वादाने दिले.

निष्कर्ष :
ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यू नोंदवहीतील मृत्यूचे कारण अचूक लिहिले गेले नाही, तर पुढील सर्व गणित व्यर्थ ठरते. काय मोजावे, कोणात मोजावे आणि कशाशी ताडून पाहावे, हे तीन प्रश्न बार्शीच्या कार्याने स्पष्ट केले. ग्रामीण महाविद्यालयांतील संख्याशास्त्र, भूगोल व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आरोग्यविषयक संशोधनाचा प्रारंभ आपल्याच गावाच्या नोंदवहीपासून करता येईल.