गोळीचा जुना साचा सापडला? त्यात शिसे ओतण्याआधी हे वाचा
वसई-विरारमध्ये आजोबांच्या पेटीत किंवा भंगारात .३० कॅलिबर, म्हणजे सुमारे ७.६२ मिमी गोळीचा साचा सापडला तर ‘ओतून बघू’चा मोह टाळा. जाळ्याला शिशाची वजने लावली तर कुणी विचारत नाही. गोळी ओतली की १९५९चा शस्त्र कायदा आड येतो. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही कायद्याने ‘दारूगोळा’च. त्यामुळे साचाही त्यात मोडू शकतो. ‘हलकी गोळी, फक्त सरावासाठी’ ही सबब चालत नाही. बंदुकीचा परवाना आहे? तो बाळगण्याचा, बनवण्याचा वेगळा लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. शिवाय वितळलेल्या शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. साचा सापडल्याचे जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.