एसटीचा ड्रायव्हर उत्तर जपानमध्ये: आई-बाबांसोबत तोहोकूची रोड ट्रिप

ज्यांनी हा भाग इअरफोन लावून ऐकलाय त्यांना माहितीच आहे, की माझी पाच वर्षांची भाची मधेच माइकमध्ये येऊन ओरडते. लिहिताना तेवढं काढून टाकलंय. बाकी जे बोलले तेच आहे, जरा नीट लावून घेतलंय.

तर तोहोकू. जपानचं जे मुख्य बेट आहे, होन्शू, त्याचा उत्तरेकडचा भाग. सहा प्रांत: आओमोरी, इवाते, मियागी, अकिता, यामागाता, फुकुशिमा. रील्समधलं जपान म्हणजे टोकियोचा गजबजलेला चौक आणि क्योटोच्या लाल कमानी. इकडे त्यातलं फारसं काही नाही. भातशेती, डोंगर, गरम पाण्याचे झरे, आणि माणसं कमी. एकट्या अकिताची लोकसंख्या २०१७ मध्ये दहा लाखांच्या खाली गेली, आणि तिथल्या दर दहा माणसांमागे जवळपास चारजण पासष्टीच्या पुढचे. शिन्कान्सेन तुम्हाला मोठ्या गावांपर्यंत झकास नेऊन सोडते. पण तिथून पुढे बस दिवसातून तीन असतील, नाहीतर नसेलच. म्हणून गाडी.

माझी ताई सेंदाईला असते. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी मी आई-बाबांना घेऊन तिच्याकडे गेले आणि आम्ही पाचजण सात दिवसांसाठी निघालो. आता मुख्य गोष्ट. बाबा एसटीतून रिटायर झालेत. एकतीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. वय ७१. विमानतळावर सामान ताब्यात येण्याआधीच त्यांनी जाहीर केलं, "गाडी मी चालवणार." ताईने माझ्याकडे बघितलं. मी पट्ट्यावरच्या बॅगांकडे बघितलं.

आधी कागदाचं बोलू, कारण मेसेज सगळ्यात जास्त त्याचेच येतात. जपान फक्त १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलं आंतरराष्ट्रीय परमिट मानतं. भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपलं परमिट तिथे चालतं. ते आरटीओच देतं. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फी हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. नेटवर "इंटरनॅशनल लायसन्स चोवीस तासांत" अशा ज्या जाहिराती दिसतात, ते कार्ड तिथे काउंटरवर कोणी हातातसुद्धा घेणार नाही. परमिट, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट, तिन्ही लागतात, तिन्ही कायम जवळ ठेवायचे. आणि हो, सहा वर्षांखालचं मूल असेल तर चाइल्ड सीट सक्तीची आहे. गाडी बुक करतानाच सांगायची.

गाडी कुठली? तिथली केई, म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटची, ६६० सीसीची छोटी गाडी, गल्लीबोळात फार गोड. पण बसतात चारच. आम्ही तीन रांगांची सिएंटा घेतली. मागची रांग उघडली की डिकी नावालाच उरते. म्हणून मोठ्या बॅगा ताकुहाइबिनने, म्हणजे कुरिअरने, पुढच्या हॉटेलवर पाठवल्या. सवय लागली की बॅगा ओढत फिरणाऱ्यांची दया येते.

जपान डावीकडून चालतं, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे पहिल्या तासात आपल्याला वाटतं, अरे, हे तर सोपंय. गडबड पुढे होते. पहिलाच सिग्नल लाल, बाबांना डावीकडे वळायचं होतं, आणि गाडी हळूच सरकली. ताई किंचाळली, "बाबा!" लाल म्हणजे लाल. आपल्यासारखं "लेफ्ट फ्री" तिथे नाही. दुसरं, उलटा लाल त्रिकोण, त्यावर लिहिलेलं असतं "तोमारे", म्हणजे थांबा. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. समोर चिटपाखरू नसलं तरी. ताईला तिथलं लायसन्स काढताना यावरच दोनदा नापास केलं होतं.

तिसरा नियम मात्र बाबांना एकदम पटला. रेल्वे फाटक उघडं असलं, गाडी येत नसली, तरी आधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग जायचं. "आमच्यात बिनपहाऱ्याच्या फाटकाला कंडक्टर खाली उतरून बघून यायचा," ते म्हणाले. "कायदाच आहे आपल्याकडे." मोटार वाहन कायद्यात हे खरंच आहे, मी नंतर तपासलं. आपण पाळत नाही एवढंच.

आणि हॉर्न! सात दिवसांत बाबांनी हॉर्न वाजवला नाही. पहिल्या दिवशी तळहात तिकडे जायचा आणि परत यायचा. कोणी वाट दिली तर मागचे इंडिकेटर दोन्ही एकदम दोन-तीनदा लुकलुकवायचे, की झालं "थँक्यू". हे शिकल्यापासून बाबा गरज नसतानाही थँक्यू म्हणायला लागले.

आम्ही आधी किनाऱ्याने गेलो. सेंदाईपासून वर हाचिनोहेपर्यंत सान्रिकूचा किनारा आहे, आणि त्यावरून आता ३५९ किलोमीटरचा नवा रस्ता जातो. डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला, आणि बहुतेक ठिकाणी टोल नाही. हा रस्ता ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर पुनर्उभारणीचा रस्ता म्हणून पूर्ण केलाय. पण खरा अनुभव हवा असेल तर मधेमधे त्यावरून उतरून जुन्या, समुद्राजवळच्या हायवेला लागा. तिथे रस्त्याकडेला निळ्या पाट्या आहेत. इथून पुढे त्सुनामीचं पाणी आलं होतं. मग उतार, वळण, घरं, मासळीची शेड. मग दुसरी पाटी: इथपर्यंत. ताई वाचून दाखवत होती. पाच-सहा पाट्यांनंतर तिने वाचायचं थांबवलं, कारण आता बाबाच पाटी दिसली की वेग कमी करून वर डोंगराकडे बघत होते. मला वाटलं थकले. ते म्हणाले, "पळायचं कुठून, ते बघतोय."

रिकुझेनताकाताला नक्की थांबा. तिथे समुद्रकाठी सुमारे सत्तर हजार पाइनची झाडं होती, त्यातलं एक उभं राहिलं. तेही नंतर मेलं, आता जतन करून ठेवलंय. शेजारी त्सुनामीचं संग्रहालय आहे, २०१९ मध्ये उघडलेलं, तिकीट नाही. आत चेपलेला अग्निशमन बंब ठेवलाय. आई त्याच्याजवळ फार वेळ थांबली नाही. बाबा मात्र एका नकाशापुढे अर्धा तास उभे. झालं असं, की त्सुनामीने किनाऱ्याचा हायवे तुकडे तुकडे करून टाकला होता. मदत पोचवायची कशी? तर देशाच्या मधून जाणारा मोठा रस्ता शाबूत ठेवायचा, आणि त्यापासून समुद्राकडे जाणारे आडवे रस्ते एकेक करून मोकळे करायचे. कंगव्याचा कणा आणि दाते. त्या मोहिमेचं नावच "कंगव्याचे दाते" असं होतं. सोळापैकी अकरा रस्ते दुसऱ्याच दिवशी, १२ मार्चला, मोकळे झाले. १५ तारखेपर्यंत पंधरा. बाबा म्हणाले, "आधी एक गाडी जाईल एवढीच वाट करायची. रुंदी मागाहून." पुराच्या दिवसांत गाडी घेऊन अडकलेला माणूस बोलत होता, त्याला नकाशा समजावून सांगावा लागला नाही.

कामाइशीजवळची गोष्ट मला जास्त लागली. तिथे साडेचार किलोमीटरचा नव्या रस्त्याचा तुकडा ५ मार्च २०११ ला सुरू झाला होता. बरोबर सहा दिवस आधी. उनोसुमाइ गावातल्या दोन शाळांची मुलं भूकंप थांबताच उंचावर पळाली, आणखी उंच, आणखी उंच, आणि शेवटी त्या नव्या रस्त्यावर पोचून शहराकडे गेली.

पुढे मियाकोच्या हद्दीत आनेयोशी नावाची वाडी आहे. १८९६ च्या त्सुनामीत तिथे दोन माणसं वाचली, १९३३ च्या त्सुनामीत चार. त्यानंतर गावकऱ्यांनी चढावर एक दगड उभा केला: याच्या खाली घर बांधू नका. २०११ मध्ये पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं आणि वरची घरं वाचली. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, जंगलातला. इथे कुंभार्लीची वर्षं कामाला आली, मी कबूल करते. ताईने नसतं नेलं.

आता टीप, याच रस्त्यावर शिकलेली. रविवार होता. पेट्रोलचा काटा खाली आलेला आणि गावातला एकमेव पंप बंद. १९९४ च्या सुमारास जपानभर साठ हजार पंप होते, आता तीस हजारांच्याही खाली आलेत, आणि बंद पडतात ते आधी अशाच गावांमधले. जे आहेत तेही संध्याकाळी लवकर मिटतात. त्यामुळे अर्धी टाकी झाली की भरायची, बस. लाल नळी म्हणजे साधं पेट्रोल, हिरवी म्हणजे डिझेल, चुकू नका. माणूस भरायला आला तर म्हणायचं "रेग्युरा, मानतान". साधं, टाकी फुल्ल. आणि फोनवरचा नकाशा "सात मिनिटं वाचतील" म्हणून जंगलातल्या वाटेला लावतो, तिथे ऐकायचं नाही. गाडीतल्या नॅव्हिगेशनमध्ये जपानी लिहिता येत नसेल तर मुक्कामाचा फोन नंबर टाका, रस्ता निघतो.

आईच्या जेवणाबद्दल विचारलंय बऱ्याच जणांनी. ती शाकाहारी. तिथे भाजी, सूप, सॉस, सगळ्यात वाळवलेल्या माशाचं पाणी असतं, दाशी. पान भाजीचं दिसतं, पण नसतं. उपाय: मिचि-नो-एकी. अक्षरशः "रस्त्याचं स्टेशन". १९९३ मध्ये १०३ ठिकाणी सुरू झाली, आता देशभर बाराशेच्या वर आहेत. चोवीस तास स्वच्छतागृह, पार्किंग, आणि आत गावातल्या शेतकऱ्यांनी स्वतः आणून ठेवलेला माल, पिकवणाऱ्याच्या नावासकट. आईने तिथे टोमॅटो, सफरचंदं, शेंगदाण्याची नान्बू सेन्बेइ बिस्किटं घेतली. कोन्बिनीतून गरम करून घेतलेला भात आणि घरचं मेतकूट. मियागीतला झुन्दा मोची, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या दाण्यांचं हिरवं गोड सारण लावलेले तांदळाचे गोळे, तिला इतके आवडले की "पुरणच आहे की हे" म्हणत तिने तीन खाल्ले.

अस्वलं? हो, खरंच आहेत. २०२५ मध्ये अकितात सापळे लावायला सैन्याची मदत घ्यावी लागली, आणि त्या वर्षाचं अक्षर म्हणून "अस्वल" हेच निवडलं गेलं. पहाटे-संध्याकाळी झाडीत फिरायचं नाही, गाडीत उघडं खाणं ठेवायचं नाही.

मियाकोहून मोरिओकाला आणि तिथून ४६ नंबरच्या हायवेने ताझावा तळ्याकडे निघालो. जपान पूर्वेला, घड्याळ सगळ्या देशाला एकच, त्यामुळे ऑक्टोबरअखेर पावणेपाचला सूर्य मावळतो. आपल्याकडे त्या वेळी चहा व्हायचा असतो. पाऊस सुरू झाला. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे ओल्या रस्त्यावर पसरायला लागले. बाबा गप्प. मी आरशात बघत होते, ते डोळे बारीक करत होते. पुढे घाट, बोगदे. कोणी काही बोललं नाही. शिझुकुइशीच्या मिचि-नो-एकीला त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली ताईच्या हातात दिली. "रात्रीची ड्यूटी तुझी."

शेजारी एक पांढरा केई ट्रक उभा होता. मागे चार पानांचा रंगीत स्टिकर. बाबांनी विचारलं, हे काय? ताईने सांगितलं. सत्तरीपुढच्या ड्रायव्हरने लावायची खूण. आधी एका थेंबासारखी असायची, नारिंगी-पिवळी, लोक तिला वाळकं पान म्हणायचे, म्हणून २०११ मध्ये बदलली. ती दिसली की मागच्याने चिकटून चालवायचं नाही, आडवं घुसायचं नाही, तसा नियम आहे. पंचाहत्तरीनंतर लायसन्स नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी. २०१९ मध्ये टोकियोत ८७ वर्षांच्या ड्रायव्हरच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली, आणि त्या वर्षी देशभरात सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं.

"इथल्या माणसाने परत केलं तर तो दवाखान्यात कसा जाईल?" बाबांनी विचारलं. दुपारी आम्ही एक बसथांबा बघितला होता, दिवसाला तीन फेऱ्या. किनाऱ्याला तर काही ठिकाणी रेल्वेचे रूळ काढून त्यावरून बस धावते. ताईला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात ट्रकचा मालक आला. ऐंशीच्या घरातला असावा, हातात कोबीचा रिकामा क्रेट. त्याने बाबांना मान झुकवली, बाबांनीही झुकवली. तो सावकाश निघाला, रस्त्याच्या तोंडाशी पूर्ण थांबला, दोन्हीकडे बघून गेला. बाबा त्याचे मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत उभे होते.

पुढचे तीन दिवस ठरलं: उजेडात बाबा, चारनंतर ताई. ताझावा तळं, जपानातलं सगळ्यात खोल, ४२३ मीटर. ओइरासेचा लाल-पिवळा ओढा, चौदा किलोमीटर, तिथे गाडी लावून चालायचंच. आओमोरीची सफरचंदं. गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडात कपड्यांशिवाय उतरायचं, हे ऐकून बाबांनी मोजे काढायलाही नकार दिला. कुटुंबासाठी वेगळं कुंड भाड्याने मिळतं, ते घेतलं. ही सगळी ठिकाणं यूट्यूबवर माझ्यापेक्षा छान दिसतील.

सेंदाईला परतल्यावर बाबांनी ताईला गाडीच्या सामानाच्या दुकानात नेलं आणि तो चार पानांचा चुंबकवाला स्टिकर विकत घेतला. सध्या तो आमच्या साताऱ्याच्या वॅगनआरच्या मागे लागलाय. कॉलनीत लोक विचारतात, काका, हे फूल कसलं? ते सांगतात, "मागे राहा, असं लिहिलंय."