इमारत सफाईचा ठेका : माणसांची कामवाटणी हेच खरे भांडवल

कुंडल, पलूस, विटा या पट्ट्यात आज बँका, पतसंस्था, दवाखाने, कॉलेजे आणि गाळ्यांची व्यापारी संकुले उभी आहेत. कुंडलला क्रांती साखर कारखाना आहे, शेजारी किर्लोस्करवाडी आहे. या सर्व इमारती रोज कोणीतरी झाडतो, पुसतो. पूर्वी हे काम एखादा शिपाई किंवा एखादी मावशी करीत असे. आता मोठ्या जागा हे काम ठेक्याने देतात, आणि ठेकेदार बहुधा बाहेरगावचा असतो. आपल्या समाजातील तरुण आमच्याकडे येऊन विचारतात की भांडवल नाही, कोणता धंदा करावा? आम्ही सफाईच्या ठेक्याचे नाव काढले की ते तोंड फिरवतात. झाडू मारण्यात कसली इज्जत, असे त्यांना वाटते. म्हणून हा लेख.

आमचा स्वतःचा धंदा कापडाचा. परंतु सफाई करणाऱ्या ठेकेदारांना पुसण्याचे कापड आम्ही पुरवीत आलो आहोत, आणि त्या निमित्ताने कोणाचा ठेका टिकतो व कोणाचा बुडतो हे जवळून पाहिले आहे. ठेका बुडतो तो फिनेल महाग झाले म्हणून नव्हे. कोणते काम कोणाचे हे ठरलेले नसते म्हणून बुडतो.

आमच्या भागातील एका तीन मजली संकुलाचे उदाहरण घ्या. नाव घेण्याचे कारण नाही. तेथे सहा माणसे कामाला होती. सहाही जण सकाळी एकदम तळमजल्यावर झाडू घेऊन भिडत. तळमजला आरशासारखा होई. जिना मात्र "तो करील" म्हणून राही, आणि संडासाचे तर कोणी नावच काढीत नसे. महिन्याने गाळेधारकांची तक्रार झाली, ठेकेदाराने सर्वांचा पगार कापला, दोन बायका काम सोडून गेल्या आणि चौथ्या महिन्यात ठेकाही गेला. माणसे आळशी नव्हती. सहा जणांचे काम हे कोणा एकाचेही काम नव्हते.

आता त्याच आकाराच्या इमारतीची वाटणी कशी करता येईल ते पाहू. समजा २४ गाळे आहेत, पहिल्या मजल्यावर बँक आहे, वर दोन दवाखाने व एक क्लास. येथे सात माणसे पुरतात. एक मुकादम. दोघे जण फरशीचे, म्हणजे व्हरांडे आणि सामाईक जागा. एक जण जिना, कठडे, काचा आणि जळमटे यांचा. दोघे संडास, मुताऱ्या व हात धुण्याच्या जागांचे, त्यांत स्त्रियांच्या बाजूला स्त्रीच हवी. सातवा माणूस बदलीचा. हा सातवा बहुतेक ठेकेदार वाचवतात आणि तेथेच फसतात. आपल्या भागात लग्नसराई, उरूस, जत्रा, ऊसतोड यांत माणूस गैरहजर राहणारच. बदलीच्या माणसाला सर्व कामे शिकवून ठेवावीत. कोणी गैरहजर नसेल त्या दिवशी त्याने पाण्याच्या टाकीभोवतालची जागा, गच्ची, पार्किंग अशी आठवड्याची कामे उरकावीत.

वेळेचीही वाटणी हवी. दुकाने उघडण्यापूर्वी तीन तास मोठे काम व्हावे. त्यानंतर सर्वांना थांबवून ठेवण्याची गरज नाही. दिवसभर एक माणूस संडासाकडे व एक फरशीकडे पुरतो. साखर हंगामात मात्र हा हिशोब बदलतो. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावरची धूळ आणि पाचटाचा कचरा यांमुळे दाराशी दुपारी आणखी एकदा झाडावे लागते. ठेका ठरवतानाच हंगामाचे महिने वेगळे लिहून घ्यावेत. नाहीतर हे जादा काम फुकट करावे लागते.

झाडण्या-पुसण्याचा क्रम ठरलेला आहे. तो प्रत्येकाला माहीत असतो असे समजू नये. वरून खाली, आतून दाराकडे, आणि आधी कोरडे मग ओले. जळमटे काढणारा फरशी पुसणाऱ्याच्या नंतर आला तर एकाची मेहनत दुसरा मातीत घालतो. म्हणून जळमटेवाल्याची वेळ फरशीवाल्याच्या अर्धा तास आधीची. पोछ्यासाठी प्रत्येकी दोन बादल्या हव्यात, एकीत औषधाचे पाणी आणि दुसरीत पोछा खंगाळायचा. एकाच बादलीत सर्व केले तर पहिल्या खोलीची घाण दहाव्या खोलीपर्यंत फिरते.

कापडाबद्दल मात्र आम्ही अधिकाराने सांगू शकतो. ठेकेदार स्वस्त म्हणून मागावरचे कोरे कापड घेऊन जातात आणि मग पाणी टिपत नाही म्हणून आमच्याशी भांडतात. कोऱ्या सुती कापडाला खळ असते. गरम पाण्यात दोनदा धुऊन ती काढल्याशिवाय कापड पाणी पीत नाही. काचेसाठी होजिअरीचे जुने तुकडे चांगले, कारण त्यांचे धागे सुटत नाहीत. साधे पॉलिएस्टर पुसण्याच्या कामाचे नाही. बाजारात जे मायक्रोफायबर मिळते तेही पॉलिएस्टर व नायलॉनचेच, पण त्याचा तंतू चिरून अतिशय बारीक केलेला असतो म्हणून ते घाण धरते. ते इतर कपड्यांबरोबर किंवा कपडे मऊ करण्याच्या औषधात धुऊ नये. आणि रंग ठरवून द्या. मोठ्या ठिकाणी लाल कापड संडासाला, पिवळे हात धुण्याच्या जागेला, हिरवे स्वयंपाकघराला व निळे इतर जागांना असा रिवाज आहे. अक्षर न वाचणाऱ्या कामगारालाही रंग कळतो. संडासाचे फडके बँकेच्या टेबलावर गेले असे एकदा गिऱ्हाइकाने पाहिले की ठेका संपला.

औषधांची किल्ली मुकादमाकडेच असावी. ब्लीचिंगचे पाणी आणि संडासाचे ऍसिड एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो. लहानशा कोंदट संडासात तो माणसाला आडवा करतो. दोन्ही वस्तू एका बादलीत किंवा एकापाठोपाठ एकाच भांड्यात कधीही टाकू नयेत. ऍसिड संगमरवर, शहाबादी व कोटा फरशीला खाते. एकदा फरशीची चकाकी गेली की तिची भरपाई ठेकेदाराच्या बिलातून कापली जाते. दवाखान्यांचा पिवळ्या व लाल पिशव्यांतील कचरा आपल्या माणसाने उचलायचा नाही. जैव वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम वेगळे आहेत आणि त्याची जबाबदारी दवाखान्याची आहे. सुईने टोचलेला हात ठेकेदाराचा नसतो, मावशीचा असतो.

मुकादम कसा असावा? त्याने झाडू हातात घेऊ नये असे नाही, पण त्याचे मुख्य काम पाहण्याचे. हजेरी, औषध मोजून देणे, दोनदा फेरी, आणि गाळेधारकांची तक्रार ऐकणे. तक्रार थेट कामगाराला सांगण्याची मुभा दिली की २४ मालक तयार होतात. प्रत्येक संडासाच्या दाराआड एक तक्ता लावावा आणि साफ करणाऱ्याने वेळ लिहून सही किंवा अंगठा करावा. बंद कार्यालयांच्या किल्ल्या कोणाकडे गेल्या व कधी परत आल्या याची वही निराळी ठेवावी. किल्ली ही अमानत आहे. सापडलेली वस्तू, मग ते दहा रुपये का असेना, त्याच वहीत लिहून जमा करावी. एका चोरीच्या संशयाने सात घरांची रोजी जाते, आणि आपली नावे ऐकून संशय जरा लवकरच घेतला जातो हेही आपणांस ठाऊक आहे. लिहिलेली वही अशा वेळी कामगाराच्या बाजूने उभी राहते.

यापुढची गोष्ट थोडी कडू आहे. संडासाचे काम कोणाला द्यावे हे बहुतेक ठेकेदार विचारीतच नाहीत. जात पाहून देतात. इतर समाजांत हे आहे, आणि आपल्यात नाही असे म्हणणे खोटे होईल. मेहतर बिरादरीच्या माणसाला आपणही पिढ्यान् पिढ्या तेच काम दाखवीत आलो. मशिदीत एका सफेत उभा राहणारा माणूस कामावर मात्र ठरलेल्या दाराशीच उभा केला जातो. यावर उपाय आहे. पंधरा दिवसांनी पाळी फिरवावी, आणि पाळी फिरताना मुकादमानेही एक दिवस ते काम करावे. ज्यांना संडासाचे काम स्वतःहून हवे असेल त्यांना दररोज जादा भत्ता द्यावा. आम्ही ज्या एका ठेकेदाराकडे ही पद्धत पाहिली तेथे पहिल्या महिन्यात दोघे रुसून गेले, त्यानंतर मात्र "हे काम कोणाचे" हा वादच उरला नाही.

सेप्टिक टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये माणूस उतरवणे हे सफाईच्या ठेक्यात येतच नाही. मालकाने कितीही गळ घातली तरी नाही म्हणावे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. टाकी उपसण्याला मशीनची गाडी मिळते, ती मालकाने बोलवावी.

कामवाटणीची खरी परीक्षा आम्ही ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या महापुरात पाहिली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. ओळखीच्या कापड दुकानांत मदतीला गेलो तेव्हा जेथे सर्वांनी एकदम हात घातला तेथे दोन दिवस नुसता गोंधळ झाला. जेथे वाटणी झाली तेथील क्रम असा होता. प्रथम वायरमनने मीटरपासून लाईन तोडली. मग चार जणांनी भिजलेले तागे बाहेर काढले, कारण ओले कापड आधी कुजते. तिसऱ्या टोळीने गाळ ओला असतानाच फावड्याने व वायपरने ओढला. गाळ वाळला की तो फरशीला सिमेंटसारखा धरतो. त्यानंतर पाण्याचा मारा, शेवटी ब्लीचिंग, आणि पंखे नव्हे तर उघडी दारे. एक माणूस फक्त हिशोबाला बसला होता, कोणता माल किती गेला ते लिहायला. पंचनाम्याच्या वेळी त्याच्याच वहीचा उपयोग झाला.

हा धंदा किती वाढू शकतो हे पाहायला लांब जाण्याची गरज नाही. किर्लोस्करवाडी स्टेशनावरून पुण्याच्या गाडीत बसा, कराड गेल्यावर रहिमतपूर लागते. त्या गावचे हणमंतराव गायकवाड यांनी १९९७ मध्ये पुण्याच्या टेल्कोच्या कारखान्यात सफाईचे काम आठ माणसांवर सुरू केले. त्यांची भारत विकास ग्रुप ही कंपनी पुढे दिल्लीच्या संसद भवनापर्यंत गेली, आणि २०१४ पासून महाराष्ट्रातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही तिने चालवली. आठ माणसे म्हणजे आमच्या वरच्या उदाहरणापेक्षा एकच जास्त.

दर सांगताना पगार आणि साहित्य एवढेच धरू नये. किमान वेतन शासन वेळोवेळी वाढवते, ते वाढले की दर वाढेल असे करारात लिहून घ्यावे. १० कामगार झाले की ईएसआय योजना पाहावी लागते. तिचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के आहे. २० झाले की प्रॉव्हिडंट फंड. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते आणि सफाईवर हा कर १८ टक्के आहे. तो दरात धरलेला नसेल तर ठेकेदाराच्या खिशातून जातो. फिनेल, झाडू, कापड कोणी आणायचे, पाणी व लाईट कोणाची, साहित्य ठेवण्याला कुलुपाची खोली मिळणार का, हे करारात हवे. बिल कोणत्या तारखेला मिळेल हेही लिहून घ्यावे, आणि कामगारांचा पगार त्या तारखेवर ठेवू नये. बिल दोन महिने अडकले तरी मावशीला सात तारखेला पैसे मिळतील इतकी रक्कम हाताशी ठेवूनच पहिला ठेका घ्यावा.