गेम ‘लागतो’ तेव्हा

एकच गेम, एकच प्रसंग. समुद्राच्या तळाशी असलेल्या शहरातला काचेचा बोगदा. छतातून पाणी झिरपते आहे, बाहेर अंधारात मासे सरकताहेत, आत कुठेतरी जुन्या काळातले गाणे वाजते आहे. एका खेळाडूच्या अंगावर काटा येतो. दुसरा वैतागून विचारतो, ‘गोळीबार कधी सुरू होणार?’ आणि तिसरा पंधरा-वीस मिनिटांत गेम बंद करून बेसिनकडे धावतो. तिघेही आपापल्या जागी खरे असतात.

हा गेम म्हणजे ‘बायोशॉक’. ऑगस्ट २००७ मध्ये तो बाजारात आला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’वर त्याला शंभरपैकी ९६ गुण आहेत आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम गेमचा ‘बाफ्टा’ पुरस्कारही त्याला मिळाला. तरीही त्याच्याविषयी खेळाडूंचे एकमत कधीच झाले नाही. हा वाद निव्वळ आवडीनिवडीचा असता, तर आरोग्याच्या सदरात त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. पण या मतभेदांमागे कानाच्या आतला एक इवलासा अवयव आहे आणि ‘हे मी केले’ असे आपल्याला सांगणारा मेंदूही आहे.

आधी गोष्ट. साल १९६०. अटलांटिक महासागरात एक विमान कोसळते. वाचलेला जॅक पोहत एका दीपगृहापाशी पोहोचतो आणि तिथून ‘रॅप्चर’ नावाच्या समुद्रतळाच्या शहरात उतरतो. सरकार नको, धर्म नको, कोणाचे कोणावर बंधन नको, अशा हट्टापायी अँड्र्यू रायन नावाच्या उद्योगपतीने ते वसवलेले असते. (लेखिका आयन रँड यांच्या विचारांवर केलेली ही उघड टिप्पणी.) तिथे एका समुद्री गोगलगाईपासून ‘अ‍ॅडम’ हे द्रव्य मिळते. ते टोचून घेतले की जनुके बदलतात, हातातून वीज किंवा आग निघते. लोकांना त्याचे व्यसन लागते आणि शहर वेड्यांनी भरून जाते. जॅक शहरात शिरतो तेव्हा सुरुवातीलाच त्याच्या वाटेत रुग्णालय येते आणि तिथे सौंदर्याच्या ध्यासाने भ्रमिष्ट झालेला प्लास्टिक सर्जन असतो. कोणाही डॉक्टरला अस्वस्थ करील असा तो भाग आहे.

खेळाडूला जॅक दिसत नाही. जॅकला जे दिसते तेच पडद्यावर दिसते, खालच्या कोपऱ्यात फक्त त्याचे हात आणि हातातला पाना किंवा पिस्तूल. अशा गेमना ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ म्हणतात. तिसऱ्या खेळाडूची अडचण इथेच सुरू होते.

घाटात ‘गाडी लागते’ म्हणजे काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एसटीत मान खाली घालून पेपर वाचणाऱ्याला ती आधी लागते. कारण डोळे सांगतात, ‘समोरची अक्षरे स्थिर आहेत’ आणि कान सांगतो, ‘आपण डावीकडे वळलो, आता उजवीकडे.’ कानाच्या आत ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतले द्रव डोके वळले की हलते. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात, ते गाडीचा वेग वाढला-घटला की ढळतात. डोळे, कान आणि स्नायू यांच्या साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो. मग तोंडाला पाणी सुटते, घाम येतो, मळमळते. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा निकामी झालेली असते, त्यांना गाडी लागत नाही.

गेममध्ये हेच उलट होते. डोळे सांगतात, ‘आपण धावतोय, गर्रकन वळतोय,’ आणि कान म्हणतो, ‘आपण तासभर खुर्चीतच आहोत.’ स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच गाडी निघाल्याचा भास होतो, त्याच जातीची ही फसगत. म्हणजे हा गेम काहींना चक्क ‘लागतो’.

आता असा गोंधळ झाला तर पोटातले अन्न का उलटावे? मिशेल ट्राइझमन यांनी १९७७ मध्ये एक तर्क मांडला. आदिमानवाच्या काळात डोळे आणि कान यांचे असे बिनसण्याचे कारण बहुधा एकच असे, विषारी काहीतरी पोटात जाणे. म्हणून गोंधळ झाला की पोट रिकामे करा, अशी सवय मेंदूला लागली. हा तर्क आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. पण गेल्या जवळपास पन्नास वर्षांत त्याहून चटकन पटेल असे स्पष्टीकरण फारसे पुढे आलेले नाही.

‘बायोशॉक’च्या बाबतीत आणखी एक भानगड झाली. संगणकावरची आवृत्ती आली तेव्हा रुंद पडदा असलेल्यांच्या लक्षात आले की आपल्याला जास्त नव्हे, उलट कमी दिसते आहे. चौकोनी पडद्यावरचे चित्र वरून आणि खालून कापून रुंद पडद्यावर बसवले होते. खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि नंतरच्या सुधारणेत कंपनीने दृष्टिक्षेत्र बदलण्याची सोय दिली. बाहेरच्यांना हा हौशी लोकांचा फुकटचा कांगावा वाटला असेल, पण त्यात तथ्य होते. दिवाणखान्यातला टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो, संगणकाचा पडदा हातभर अंतरावर. जवळच्या मोठ्या पडद्यावर अरुंद दृश्य दाखवले की ते नळीतून पाहिल्यासारखे भासते, थोडे वळले तरी चित्र सर्रकन सरकते आणि काहींना घेरी येते. अशांपैकी काहींना दृष्टिक्षेत्र सुमारे ९० अंशांपर्यंत वाढवले की आराम पडतो.

अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना आणि लहानपणापासून गाडी लागणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. त्यांनी खोलीत दिवा लावून, पडद्यापासून लांब बसून, सुरुवातीला दहाच मिनिटे खेळावे. मळमळ सुरू झाली की ‘एवढा टप्पा संपवतो’ म्हणू नये, लगेच थांबावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटे. मेंदूला हळूहळू सवय होते, बोटीवरच्या खलाशाला होते तशी. प्रवासात घेतात ती उलटीची गोळी गेमसाठी घेऊन बसणे मात्र शहाणपणाचे नाही, तिने झोप येते आणि लक्ष लागत नाही. आणि लखलखत्या प्रकाशाने झटके येण्याचा इतिहास असेल, तर सवयीचा प्रयोग करूच नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसऱ्या, गोळीबाराची वाट पाहणाऱ्या खेळाडूची तक्रार वेगळी आहे. बंदुका हाताळताना मजा येत नाही, शत्रू पुन्हा पुन्हा तसेच येतात, आणि मेल्यावर ‘व्हिटा-चेंबर’ नावाच्या यंत्रातून जॅक काही न गमावता जिवंत बाहेर पडतो. मरणाची भीतीच नाही, मग थरार कसला? ही तक्रारही इतकी झाली की डिसेंबरमध्ये ती यंत्रे बंद करण्याची सोय द्यावी लागली. शरीराच्या बाजूने पाहिले तर या खेळाडूला हवी असते छातीतली धडधड. हरण्याची शक्यता असते तेव्हाच अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते. पहिल्या खेळाडूला मात्र तेच नको असते. त्याला भिंतीवरच्या जाहिराती वाचायच्या असतात, टेपवर ध्वनिमुद्रित केलेल्या रोजनिशा ऐकायच्या असतात. सतत मरून मागे जावे लागले तर गोष्टीचा धागा तुटतो.

सर्वांत जास्त वाद झाला तो लहान मुलींवरून. रॅप्चरमध्ये ‘लिटल सिस्टर’ नावाच्या मुली प्रेतांमधून अ‍ॅडम गोळा करत फिरतात. त्यांच्याबरोबर पाणबुड्याच्या पोशाखातला एक राक्षसी रक्षक असतो. त्याला मारले की मुलगी जॅकच्या तावडीत येते. तिचा जीव घेऊन १६० अ‍ॅडम मिळवायचे की तिला बरे करून ८०वर समाधान मानायचे, हे खेळाडूने ठरवायचे. मुलीला मारताना दाखवलेले नाही, पण निर्णय खेळाडूच्या बोटाचाच.

कित्येकांनी लिहिले, की हात थबकला. कित्येकांनी सरळ हिशेब केला. तीन मुली मारल्या तर ४८० अ‍ॅडम. तीन वाचवल्या तर २४०, पण दर तीन मुलींमागे भेट म्हणून आणखी २०० मिळतात, म्हणजे ४४०. फरक अवघा ४० चा. चांगुलपणाची किंमत दहा टक्क्यांहूनही कमी असेल, तर त्याला नैतिक पेच कसा म्हणायचे, हा त्यांचा सवाल रास्त आहे. जागा एकच आणि रुग्ण दोन, असा प्रसंग अतिदक्षता विभागात येतो तेव्हा तिसऱ्या रुग्णामागे भेट मिळत नाही.

तरी हात का थबकतो? दुसऱ्या एका गेमवर झालेल्या अभ्यासात संशोधकांना आढळले, की बहुतेक खेळाडू गेममधल्या पात्रांशी खऱ्या माणसांशी वागावे तसेच वागतात आणि वाईट वागलेल्यांना अपराधी वाटते. पण खेळण्याची मजा त्याने कमी होत नाही. ही गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. पडद्यावर गोळी झाडणाऱ्या मुलाची सद्‌सद्विवेकबुद्धी झोपलेली असते, असे समजण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या एक हजार मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिंसक गेम खेळणे आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध त्यात दिसला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हेच जरा जपून सांगितले: ओरडणे, ढकलणे यांच्याशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. अर्थात ‘बायोशॉक’ हा मोठ्यांचाच गेम आहे आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हाती तो देऊ नये.

व्यसनाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत घेतले आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकीचे सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारण वर्षभर चाललेले असावे लागते. ‘बायोशॉक’ पंधराएक तासांत संपतो, कादंबरी संपावी तसा. ज्यांना शेवटच नाही असे ऑनलाइन गेम पालकांच्या काळजीचा खरा विषय आहेत.

आता या गेमचा कळीचा प्रसंग. (खेळायचा असेल त्यांनी पुढचे परिच्छेद सोडून द्यावेत.) अगदी सुरुवातीपासून रेडिओवरून अ‍ॅटलस नावाचा माणूस जॅकला वाट दाखवत असतो. ‘जरा कृपा करशील का? तो पाना उचल.’ ‘जरा कृपा करशील का? खाली जा.’ खेळाडू ऐकत जातो. अखेर रायनसमोर उभे राहिल्यावर कळते, की ‘जरा कृपा करशील का’ हे शब्द ऐकताच आज्ञा पाळावी असे जॅकच्या मेंदूत लहानपणीच भरवलेले आहे. तेच शब्द उच्चारून रायन स्वतःलाच मारण्याची आज्ञा देतो. त्या क्षणी खेळाडूच्या हातातली बटणे काम करत नाहीत. गोल्फच्या काठीने जॅक त्याला मारत राहतो आणि खेळाडू पाहत राहतो.

गेममधल्या १९६० सालानंतर वर्षभरातच, १९६१ मध्ये, येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आज्ञापालनाचे प्रसिद्ध प्रयोग सुरू केले. शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. ‘कृपया पुढे चालू ठेवा’ एवढ्या सौम्य शब्दांवर ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा एक धागा २०१६ मध्ये हाती लागला. एमिली कॅस्पर, पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना बटण दाबायला लावले. त्याने समोरच्याला सौम्य पण खरा झटका बसू शकत होता. बटण दाबल्यावर क्षणभराने एक सूर वाजे. स्वतः ठरवून बटण दाबले तर कृती आणि सूर यांतले अंतर कमी भासे, हुकूम पाळताना दाबले तर जास्त भासे. सुराला मेंदूने दिलेला विद्युत प्रतिसादही हुकमाखाली मंद पडला. ‘मी फक्त सांगितले ते केले’ ही सबब नुसती तोंडाची नसते, तिचा माग मेंदूतही दिसतो.

याच प्रसंगावरून खेळाडूंत दोन तट पडले. काहींना ही आजवरची सर्वांत हुशार कलाटणी वाटली. गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांना मात्र गेममध्येच विसंगती दिसली. मुलींच्या बाबतीत स्वार्थ पाहायची मुभा, पण अ‍ॅटलसला ‘नाही’ म्हणायची मुभा नाही. खेळ एक सांगतो, गोष्ट दुसरेच. २००७ मध्येच त्यांनी या बेबनावाला नाव दिले आणि गेमच्या समीक्षेत ते आजही वापरले जाते.

त्यानंतरचा शेवटचा तिसरा हिस्सा जवळजवळ कोणालाच आवडला नाही. खलनायक आणखी एक सांकेतिक शब्द उच्चारून जॅकच्या मेंदूकरवी हृदयाला बंद पडण्याचा हुकूम देतो. हे काही वैद्यकाला धरून नाही. हृदयाचा ठोका हृदयातच जन्मतो. मेंदू फार तर तो मंद किंवा जलद करतो. प्रत्यारोपण केलेले हृदय मेंदूशी एकही नस जोडलेली नसताना धडधडत असते. जॅकच्या डोक्यातला आज्ञापालनाचा पाश एक शास्त्रज्ञ बाई सोडवतात. तो मोकळा होतो. मग त्याच बाई रेडिओवरून पुढचे काम सांगू लागतात, पडद्याच्या वरच्या कडेला बाण दिशा दाखवू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करता येतो.